रिठ्याने पुसलेल्या रेषा

मित्रांनो, बोटाएवढी लांब, रबरासारखी मऊ आणि आता वाकून वाकून पार थकलेली अशी मी एक पट्टी आहे. हुपरीतल्या एका घरात, पैंजण ठेवायच्या डबीत माझा मुक्काम असतो.

माझा जन्म कोल्हापूरच्या एका कॉलेजातल्या प्रयोगशाळेत झाला. तिथे शिकणाऱ्या ऐश्वर्याने मला साच्यात ओतले आणि यंत्राने माझ्या अंगावर काळ्या रेषा छापल्या. दिव्याखाली धरले की त्या रेषा आधी तापतात, तेवढीच जागा आक्रसते आणि मी वाकते. दिवा विझला की पुन्हा सरळ. ना मोटर, ना वायर! माझ्याआधीच्या कितीतरी बहिणी फाटल्या, तेव्हा कुठे मी जमले.

पोरीने हा खटाटोप वडिलांसाठी मांडला होता. तात्यासो हे पैंजण घडवणारे कारागीर. अर्धांगवायूच्या झटक्याने त्यांच्या उजव्या हाताची बोटे ताठ झाली होती. मला त्यांच्या तर्जनीला बांधायचे, मी वाकले की बोटही वाकेल, एवढीच तिची आशा.

एका रविवारी ती मला घरी घेऊन आली आणि चहा प्यायला आत गेली. तेवढ्यात तात्यासोंची नजर माझ्यावर पडली. कुठलाही माल रिठ्याच्या पाण्यात घासून लख्ख केल्याशिवाय बाहेर काढायचा नाही, हा या घराचा रिवाज. त्यांनी डाव्या हातात ब्रश घेतला आणि मला मनापासून घासले.

"ऐश्वर्या, तुझ्या पट्टीवरचं समदं काळं काढलं बघ!"

"तात्या, काय केलासा हे? ते काळंच तर काम करत हुतं की!"

तिने लगेच दिवा लावून पाहिला. दिव्याखाली मी नुसती पडून राहिले. इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

तात्यासोंचा चेहरा उतरला. मग ते म्हणाले, "कुठं हुत्या रेषा, दाव. मीच पुसल्यात, मीच काढतो."

तिने त्याच काळ्या शाईचा कुंचला त्यांच्या डाव्या हातात दिला. त्या हाताला सवय नव्हती, रेषा वाकड्यातिकड्या उमटल्या. तिने मला त्यांच्या बोटाला बांधले आणि दिवा लावला. मी वाकले, तिरकीच वाकले. पण ताठ तर्जनी माझ्याबरोबर हळूहळू वळली आणि अंगठ्याला टेकली.

"टेकलं! अगं अंजना, हिकडं ये, बोट टेकलं!" तात्यासोंनी बायकोला हाक मारली. त्यांचे डोळे भरून आले होते.

पुढे रोजचा सराव सुरू झाला. बोट सुधारत गेले, मी झिजत गेले. आता ते आपले आपण वाकते आणि मला मधोमध चीर पडली आहे. डबी महिनोन्‌महिने उघडत नाही. खोटे कशाला बोलू, वाईट वाटते. मित्रांनो, वस्तू जपा. पण जपणे म्हणजे नुसते चकचकीत करणे नव्हे. तिच्या अंगावरचे काळे कशाचे, ते आधी विचारा.

परवा दिवाळीच्या साफसफाईत अंजनाबाईंनी माझी डबी उघडली आणि ब्रश रिठ्याच्या पाण्यात बुडवला.

तात्यासो दारातूनच कडाडले, "तिला ब्रश लावू नगंस! काळं हाय तसं ऱ्हाऊ दे."