पहिल्या पानावरचे भोक

मित्रांनो, मी पितळी दांड्याचे एक जुने भिंग आहे. काठाचा टवका उडाला आहे, पण नजर अजून शाबूत आहे. दुपारचे ऊन अंगावर आले की मला गुंगी येते आणि जुने दिवस माझ्यात तरंगू लागतात.

एका चष्मेवाल्याने काच घासून घासून मला घडवले. पुढे मी एका प्रॉटेस्टंट पाळकांच्या टेबलावर आले. धर्मग्रंथाची बारीक अक्षरे ते माझ्यातूनच वाचत. दर रविवारी चर्चमध्ये जमलेल्या मंडळीला बजावत, "माझ्यावर विसंबू नका. ग्रंथ घरी उघडा, स्वतः वाचा. मी चुकलो तर सांगा." आईविना वाढलेल्या लेकीलाही त्यांनी हेच शिकवले होते.

लेक मात्र मला पळवून दगडांच्या खाणीवर न्यायची. एकदा तिने दगडात रुतलेला शिंपला आणला.

"बाबा, हा डोंगर कधीकाळी समुद्राखाली होता. ग्रंथाच्या पहिल्या पानावर म्हटलंय तसं देवानं सहा दिवसांत नाही घडवलं हे. लाखो वर्षं लागली."

"लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस!" पाळक कडाडले. ग्रंथाच्या उघड्या पहिल्या पानावर मला आपटून ते बाहेर गेले. दौतीवर आदळून माझा टवका उडाला आणि मी तिलाच टेकून पानावर तिरके राहिले. लेक डोळे पुसत कपड्यांचे बोचके बांधू लागली. ती कायमची आत्याकडे निघाली होती. मला फार वाईट वाटले.

इतक्यात खिडकीतून ऊन आले. जित्याची खोड ती! मी ते एका ठिपक्यात गोळा केले आणि पानाला भोक पडले.

पाळक परतले, तर खोलीत धूर. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "देवानं शिक्षा केली मला!"

लेक बोचके टाकून धावली. "शिक्षा नाही हो बाबा, ऊन आहे!" तिने मला एका कोऱ्या कागदावर धरले. तिथेही धूर निघाला. "तुम्हीच म्हणता ना, स्वतः वाचा, चुकलो तर सांगा?"

पाळकांनी तो जळका कागद ग्रंथातल्या भोकाशेजारी धरून पाहिला. मग म्हणाले, "तो शिंपला आण."

माझ्यातून त्यांनी शिंपल्याची एकेक रेघ पाहिली. ऊन भिंतीवरून सरकत गेले.

"मला हे हळूहळू वाचावं लागेल, बाळा. तोवर थांबशील?"

लेकीने बोचके सोडून कपडे परत जागेवर ठेवले.

आता पाळक नाहीत. लेकीचे केस पिकले आहेत. ते भोक तिने बुजवले नाही. मी फळीवर धूळ खात पडून असते.

मित्रांनो, भिंग वापरून झाले की दोन्ही बाजूंनी पुसून ठेवा. आणि उन्हात, उघड्या पानावर कधी विसरू नका. दर वेळी बोचके टाकून धावत येणारी लेक घरात असतेच असे नाही.