राखणीच्या बाभळी

उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी हटलं, की भिगवणच्या बायका कमरेएवढ्या पाण्यात उतरून पायानं शिंपले चाचपत. पण आधी फुलाबाई एक टोपली उपसून बघायची. निम्म्याहून जास्त पिल्लं निघाली, की ती जागा बंद. भोवती बाभळीचे खुंट रोवताना ती गायची,

पाण्याच्या गं पोटी शिंपली लेकुरवाळी,
राखणीला उभी तिच्या दारात बाभळी.

आज पाणी गुडघ्याएवढं उतरलं होतं अन् त्याच खुंटांच्या मधोमध ट्रॅक्टर घुसला होता. मागं लोखंडी फण. फण फिरेल तिथं नखाएवढी कवचं कडाकडा फुटत होती. सीटवर तिचा धाकटा दीर गोकुळ, कोंबडीखाद्यवाल्याला शिंपल्यांचा माल घालणारा.

"भावजी, थांबवा! लेकरं हायती ती!"

"अख्खं धरण धुंडाळत बसलो असतो, वहिनी. तुमीच खुंट ठोकून पत्ता दिला की!"

फुलाबाईच्या काळजात फण शिरला. तिनं एक खुंट उपसला अन् त्याच्या गुडघ्यावर घातला. हाड वाजलं. गोकुळनं गुरासारखं ओरडत सीटखालचा लोखंडी पाना फिरवला, तसं तिचं कपाळ उकललं. तिची जोडीदारीण मेहबूबबी टायरवर चढली, किल्ली ओढून तिनं पाण्यात भिरकावली. त्यानं तिच्या मनगटाचा लचका तोडला. तोवर फुलाबाईनं त्याला पायाला धरून खाली खेचलं अन् मुंडकं चिखलात दाबलं. बुडबुडे आले. मग कमी झाले.

याच हातांनी तिनं त्याला लहानपणी न्हाऊ घातलं होतं. डोळ्यांत साबण गेला की असाच हातपाय झाडायचा. तिचे हात सुटले.

गोकुळ रक्त अन् गाळ ओकत काठाला सरपटला. "उद्या दुसरा ट्रॅक्टर आणतो. तुमचे खुंट अजून लई ठिकाणी दिसत्यात!"

तो लंगडत दिसेनासा झाला, तशी फुलाबाईनं पदर फाडून कपाळ आवळलं अन् पलीकडच्या जागेचे खुंट उपटायला लागली.

"डोकं फिरलं का गं तुझं?" मेहबूबबी ओरडली.

"फिरलं हुतं, खुंट रोवले तवा. चोराला वाट मीच दावली."

धरणात बुडालेल्या जुन्या गावातल्या घरांची जोती गढूळ पाण्याखाली होती. काळे, धारदार दगड. तिथं शिंपली धरत नव्हती. फुलाबाईनं दगडांच्या फटींत खुंट ठोकले, नीट, ओळीनं. पाण्यात रक्ताचे थेंब पडत होते.

"येऊ दे आता. फण दगडावर मोडू दे."

"अन् आपली पिल्लं कुठं हायती, हे आपल्याला कसं कळायचं?"

फुलाबाईनं पाण्यात पाऊल सरकवलं. "पायाला कळंल."