टाफ्टच्या गालावरचा अंगठा

आमच्या नाणी क्लबात पाच जण आहेत आणि त्यांतल्या चौघांना डॉलरचं नाणं कशाचं बनतं ते धड सांगता येत नाही. हे मी कुत्सितपणे म्हणत नाही, असं म्हणणार होतो; पण कुत्सितपणेच म्हणतोय. तीस वर्षं हॅन्कॉकच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवलं की माणूस असा होतो. माझी बायको इर्या तर म्हणायची, "रेइनो, तू देवालासुद्धा आधी घटक विचारशील."

संच घ्यायची कल्पना मात्र तिचीच. टांकसाळ त्या काळी न वापरलेल्या डॉलरचा वार्षिक संच काढायची. जाड पुठ्ठ्याची घडी, आत सहा नाणी: चार राष्ट्राध्यक्षांची, एक पाठीवर बाळ घेतलेल्या आदिवासी मुलीचं, आणि एक चांदीचं. पहिला संच आला तेव्हा इर्याने विचारलं होतं, "ही पिवळी सोन्याची का रे?"

"सोन्याचा कणही नाही. वरचे दोन्ही पदर म्हणजे तांबं, जस्त, मँगनीज आणि चिमूटभर निकेल. मधे शुद्ध तांबं."

"मधे तांबं?" ती एकदम खुलली. तिचे वडील कॅल्युमेटच्या तांब्याच्या खाणीत हाडं झिजवून गेले. "मग वरून काही का असेना, आतून आमच्याकडचंच आहे."

ते तांबं कुठल्या तरी दुसऱ्या राज्यातून येत असणार. पण त्या वेळी मी जीभ आवरली. माझ्या आयुष्यात असे प्रसंग थोडे.

आम्ही सात संच घेतले. टपाल आलं की स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेल अंथरायचा. इर्या पुठ्ठ्यातून एकेक नाणं काढून मला द्यायची, मी ते प्लास्टिकच्या डबीत बसवून झाकण दाबायचो. तिचे हात कायम कामातले. वेलदोड्याचा नीसू पाव मळायची, सौनाच्या, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीच्या, चुलीसाठी लाकडं आणायची. म्हणून पहिल्याच वर्षी मी तिला बजावलं होतं की नाण्याच्या तोंडाला बोट लावायचं नाही, कडेने धरायचं. मँगनीज असलेलं पितळ घाम विसरत नाही. आज डाग दिसत नाही, वर्षाने उमटतो.

दोन हजार तेरा सालच्या संचात तो उमटला. राष्ट्राध्यक्ष टाफ्ट महाशयांच्या गुबगुबीत गालावर, तपकिरी रंगात, अख्खा अंगठा.

मी घर डोक्यावर घेतलं. "लोण्याचे हात घेऊन बसलीस ना? एवढं साधं सांगितलेलं पाळता येत नाही?"

"मी कडेनेच धरलं होतं," ती म्हणाली.

"मग काय टाफ्टने स्वतः लावला?"

ती हसली नाही. तीन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. चौथ्या दिवशी तिने माझ्यापुढे कॉफी ठेवली, विषय तिथेच संपला. माफी कुणीच मागितली नाही. तिने मागायला हवी, असं माझं मत होतं.

सतरा सालच्या जानेवारीत इर्या गेली. तिचे कपडे तिच्या बहिणीने नेले. उशीचा वास महिन्याभरात उडाला. फोनवर तिच्या आवाजातला एक निरोप होता, तोही कंपनी बदलताना पुसला गेला. आणि मग एका दुपारी डबी हातात घेतली आणि माझ्या लक्षात आलं, हा डाग म्हणजे इर्याचा अंगठा आहे. तेव्हापासून मी रोज भिंग लावून तो बघायचो. झाकणावर माझा अंगठा ठेवायचो. ज्या डागासाठी तिला तोडून बोललो, तो आता माझ्या घरातली सगळ्यांत मोलाची वस्तू झाला होता. ती मला अजूनही इतकी हवी होती, की तेवढ्यावर माझे दिवस निघत होते.

यंदा क्लबाने मार्चच्या प्रदर्शनात माझे सातही संच मांडायचे ठरवले. शनिवारी सकाळी चर्चच्या तळघरात बैठक होती. उर्होने पावाचा तुकडा तोंडात ठेवूनच डब्या पाहिल्या. उर्हो आमचा अध्यक्ष, दुसरं कुणी व्हायला तयार नाही म्हणून.

"सगळी कशी लखलखीत, आणि मधेच हा काळतोंड्या! अॅसिटोनमध्ये बुडव की रे."

"आठवड्याच्या आत बुडवलं असतं तर तेल निघालं असतं. आता ते धातूत उतरलंय."

"मग दुसरं घे. पाच-सात डॉलरला मिळेल."

"तो इर्याचा अंगठा आहे," मी म्हणालो.

उर्होचं चावणं थांबलं. बाजूला क्लबातली सायमा बसली होती. तिने शेरीफच्या कचेरीत अठ्ठावीस वर्षं लोकांच्या बोटांचे ठसे घेतलेत. आमच्याकडच्या अर्ध्या गावाचे अंगठे तिने काळे केलेत. मीच डबी तिच्यापुढे सरकवली. तिने तो बघावा, इर्याला ओळखावं, एवढीच हाव होती मला.

तिने दिव्याखाली बराच वेळ पाहिलं. "ही आडवी चीर कसली?"

"पुठ्ठ्याचा ओरखडा असेल."

"ओरखडा नाही, व्रण आहे. ठशाच्या रेघा तिथे तुटल्यात." मग तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "रेइनो, उजवा हात दाखव."

शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची नळी फुटून माझा अंगठा चिरला होता. सत्त्याऐंशी सालची गोष्ट. चार टाके पडले होते. सायमाने माझा अंगठा डबीशेजारी धरला, भिंग एकदा इकडे, एकदा तिकडे नेलं, आणि माझा हात सोडला. तो सोडताना तिने हलकेच थोपटला.

"म्हणजे?" उर्होने विचारलं.

"म्हणजे डबीत बसवताना मीच अंगठा दाबला," मी म्हणालो. "ती सांगत होती मला. कडेने धरलं होतं म्हणून सांगत होती."

उर्होने माझ्या कपात कॉफी ओतली आणि डब्या खोक्यात भरायला लागला.

घरी येऊन मी कोटही काढला नाही. खिडकीपाशी बसून सातही संच पुन्हा पाहिले, एकेक नाणं, दोन्ही बाजूंनी. बेचाळीस नाणी. सगळीच्या सगळी इर्याच्या हातातून माझ्याकडे आली होती. कुठेतरी तिचं बोट निसटलं असेल, एखाद्या कडेला, सालाच्या आकड्यावर, त्या मुलीच्या केसांवर. अर्धा ठसा चालला असता मला. पाव चालला असता.

कुठेही काही नव्हतं. सात वर्षांत तिच्याकडून एकदाही चूक झाली नव्हती. "इतकं कशाला ऐकलंस गं माझं?" मी मोठ्याने म्हणालो, आणि त्या स्वच्छ नाण्यांसमोर बसून ओक्साबोक्शी रडलो.