कौसल्याला हवा होता तो रंग

घराचं दार दुरुस्त करा, असं कौसल्या मला अकरा वर्षं सांगत होती. मी करतो म्हणायचो. गेल्या वर्षी ती गेली आणि दार तसंच राहिलं.

दार कडुनिंबाचं. खालच्या फळ्या पाणी लागून कुजलेल्या, बिजागऱ्या सैल, रंगाचे पोपडे निघालेले. उघडायचं म्हणजे कडी वर उचलून खांद्याने जोरात धक्का द्यावा लागायचा. टेंभुर्णीत आमच्या गल्लीला हे पाठ होतं. पोस्टमनसुद्धा आधी पिशवी खाली ठेवायचा.

वर्षश्राद्धाला आठ दिवस राहिले तेव्हा मी सोमेश्वर सुताराला बोलावलं. श्राद्धाला राजूरहून सोनूबाई येणार होती. ती कौसल्याची धाकटी बहीण. 'ताईनं एवढं एकच मागितलं अन् दाजींनी तेही केलं न्हाई,' असं ती दहाव्याच्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाली होती. खोटं नव्हतं. निदान या वेळी तिला दार दाखवायचंच, असं मी ठरवलं होतं.

सोमेश्वरने दोन दिवसांत नव्या फळ्या बसवल्या, कडेला रंधा मारला, बिजागऱ्या बदलल्या. दार बोटाने उघडायला लागलं. ते लावून घेऊन आम्ही आतून कौतुकाने बघत होतो, तेवढ्यात शेजारचे अप्पाराव आले. त्यांनी सवयीप्रमाणे बाहेरून खांदा दिला. दार अडलंच नाही. अप्पाराव बैठकीतून सरळ स्वयंपाकघरात गेले आणि पिठाच्या डब्यावर जाऊन थांबले.

"अरे, सांगायचं तरी गिरिधर!" ते मिशीतलं पीठ झटकत म्हणाले.

"सांगायला थांबले कुठं तुम्ही?"

"बरं झालं," सोमेश्वर म्हणाला. "बिजागरी बराबर बसली का न्हाई ते कळलं."

मग त्याने भेगा बुजवायला लांबी, म्हणजे पुट्टी भरली, पॉलिश पेपरने दार घासलं आणि हात पुसत विचारलं, "नाना, रंग कोणता?"

मी त्याच्याकडून पॉलिश पेपर घेतला आणि घासलेलीच फळी पुन्हा घासायला लागलो.

कौसल्याने रंग सांगितला होता. एकदा नाही, कितीतरी वेळा. माझी पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या आवाजात ऐकू आलं नाही, असं लोकांना सांगता आलं असतं. पण ती जेवताना सांगायची. मी ऐकत नव्हतो.

सोनूबाईला फोन केला असता तर तिने सांगितलं असतं. पण 'दाजी, तुम्हाला रंगही माहीत न्हाई?' हे मला ऐकायचं नव्हतं.

"चॉकलेटी मार," अप्पाराव म्हणाले. "मळत न्हाई."

"'बँकेत आल्यासारखं वाटतंय. चप्पल काढू का पासबुक काढू?'" मी म्हणालो.

दोघं माझ्याकडे बघायला लागले. मीही दचकलो. शब्द माझ्या तोंडून आले होते, पण बोलणं कौसल्याचं होतं. ठेकाही तिचाच.

"मंग निळा?" सोमेश्वर म्हणाला.

"'दवाखान्याच्या मोरीला असतो तो.'"

"हिरवा?"

"'कशाला, बकऱ्या चाटायला?'"

अप्पारावांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. "वहिनी गेल्या का आतच हायेत?"

तिला काय पाहिजे होतं ते मला आठवत नव्हतं. पण ती कशाला काय म्हणाली असती, ते सगळं येत होतं. मग आम्ही तसंच करायचं ठरवलं. सोमेश्वरने रंगाच्या दुकानातून शेड कार्ड आणलं. तो एकेका चौकोनावर बोट ठेवायचा आणि मी कौसल्याला काय वाटतं ते सांगायचो. राखाडीला ती म्हणाली, 'रंग लावला का पुसला?' केशरीला म्हणाली, 'टेंपोवाले भाडं विचारत येतील.' सायीसारख्या पांढऱ्याला म्हणाली, 'तुमच्या हाताचं पीठ दिसू नये म्हणून ना?' तीन वेळा चहा झाला. अप्पाराव घरी जायला तयार नव्हते.

शेवटी सोमेश्वरचं बोट गुलाबीवर आलं. मी थांबलो. काहीच आलं नाही.

"काय म्हणतात वहिनी?"

"काही न्हाई."

"नाना, ब्युटी पार्लर वाटंल बिलकुल."

"हे तू म्हणून राह्यला. ती न्हाई म्हणली."

कौसल्या आवडलेल्या गोष्टीला कधी छान म्हणायची नाही. गप्प बसायची. मी सोमेश्वरला म्हणालो, मार गुलाबी.

रंगाचा दुसरा हात श्राद्धाच्या आदल्या संध्याकाळी झाला. श्राद्धादिवशी सकाळी सोनूबाई आली आणि पिशवी हातात धरून गल्लीतच उभी राहिली. तिने दार वरपासून खालपर्यंत बघितलं.

"दाजी," ती म्हणाली, "ताई हिरवा म्हणायची."

मी विचारलं, "पक्कं?"

"पक्कं. गडद हिरवा. दर दिवाळीला माहेरी आली की सांगायची. तुम्हाला न्हाई सांगितला?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "सांगितला आसंल. माझं ध्यान नव्हतं," मी म्हणालो. "हिरवा निघाल्ता, पण मी तो काढून टाकला."

"काहून?"

"'कशाला, बकऱ्या चाटायला?' आसं म्हणली ती."

सोनूबाईने मला झापायला तोंड उघडलं आणि तिला हसू फुटलं. "अगं माय! ताईच की!" डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी तिचं हसणं थांबेना. "अन् निळा?"

मी निळा सांगितला. ती आणखी हसली. चॉकलेटी ऐकल्यावर तिला उभं राहवेना, म्हणून ती दाराला टेकली.

"सोनूबाई, रंग ओला हाय!"

उशीर झाला होता. तिच्या पाठीवर एक मोठा गुलाबी पट्टा उठला आणि दारावर तिच्या साडीची जर चिकटली. आत गुरुजी खोळंबले होते. अप्पाराव टर्पेंटाईन आणायला पळाले.

जाताना सोनूबाई शेड कार्ड मागून घेऊन गेली. मला वाटलं हिरवा निवडून कळवणार असेल. दुसऱ्या दिवशी गिरणीत तिचा फोन आला.

"दाजी, चौतीस नंबर. वांग्यासारखा हाय. ताई काय म्हणली असती?"

मी गिरणी बंद केली आणि सांगितलं.

तेव्हापासून रोज एक नंबर येतो. दार अजून गुलाबी आहे. हिरव्याचा डबा सोमेश्वरने आणून ठेवलाय, पण कार्डावरचे रंग संपायला वेळ आहे.