शनिवारचं गाळलेलं तेल

मी बोरी अरब गावच्या मैनाबाईंच्या पिठाच्या गिरणीतलं इंजिन बोलतोय. आवाज मोठा वाटला तर रागावू नका, हळू बोलायची मला सवयच नाही.

सन अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात माझा दुसरा जन्म झाला. त्याआधी मी चालता चालता जाम झालो होतो आणि गिरणीला कुलूप लागलं होतं. नवऱ्यामागे मैनाबाईंचं घर माझ्याच जिवावर चालायचं. त्यांनी पुसदहून मोहिउद्दीन मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्रींनी मला पार उघडं केलं, नवा पिस्टन, नव्या रिंगा घातल्या आणि जाताना बजावलं, "नवा गोऱ्हा हलक्या गाडीले जुपतेत, तसं चालवा याले. अन् शुक्रवारी पयलं तेल सांडून द्या. नवं लोखंड घासते, त्याची भुकटी तेलात उतरते. आता जाम झालं तर माह्या हातचं नाई, बाई."

शुक्रवारी दळणाची रांग संपता संपेना. तेल राहून गेलं. शनिवारी तर या घरात तेल विकत आणत नाहीत. मैनाबाईंच्या नवऱ्यानं हा नेम कधी मोडला नव्हता, मग त्यांच्यामागे त्या तरी कशा मोडणार?

बरं, थांबायचीही सोय नव्हती. शेजारच्या हलीमाबींच्या लेकीचं, रौशनचं, रविवारी लग्न. गव्हाची पोती दारात येऊन पडलेली.

मैनाबाईंचे दीर वामनराव मोठे हिकमती. त्यांनी माझं काळं तेल बादलीत काढलं, जुन्या धोतराच्या फडक्यातून जवसाच्या तेलासारखं गाळलं आणि परत माझ्याच पोटात ओतलं.

"वयनी, घाण गेली, तेल घरचंच, अन् शनिवारचा नेम बी राह्यला!"

माणसांच्या युक्तीचं मला कौतुक आहे. पण ती माझ्या पोटात ओतू नये, एवढंच म्हणणं.

निम्मा गहू दळून झाला तोवर माझ्या आत बारीक करकर सुरू झाली. मला भीती वाटली, खरंच वाटली. पण बोलणार कसा? तेवढ्यात लग्नाला आलेले मोहिउद्दीन मिस्त्री एसटीतून उतरून, हातातली पिशवी न ठेवता थेट आत आले. आवाजच ऐकला होता त्यांनी. मला बंद करून त्यांनी तेलाचा थेंब बोटांत चोळला आणि दारात उन्हात धरला. बोटं चमचम करत होती.

"कपड्यात दाणे अडकतेत वामनराव, भुकटी नाई अडकत. तेल बदलल्याबिगर हे चालवू नका."

मैनाबाई पीठ न्यायला आलेल्या हलीमाबींकडे वळल्या. "हलीमाबी, तुमच्या पोरीचं लगन... जाऊ द्या शनिवार. मी आणते तेल."

हलीमाबींनी त्यांचा हात धरला. "काहून मोडता नेम? भाईजाननं जिंदगीभर पाळला. घरोघरी जाते हायेत ना. दळू आम्ही."

थोड्या वेळानं गल्लीतून घरघर ऐकू येऊ लागली. एका घरातून, मग दुसऱ्या घरातून. मी आल्यावर ज्या जात्यांना लोकांनी कोपऱ्यात ढकललं होतं, ती आज मला विसावा मिळावा म्हणून फिरत होती. मला लाज वाटली आणि फार बरंही वाटलं. मैनाबाईसुद्धा हलीमाबींच्या अंगणात जात्याला बसल्या होत्या.

रविवारी सकाळी, निकाहाच्या आधी, मिस्त्रींनी माझं जुनं तेल सांडलं. नवं मैनाबाईंनी ओतलं. त्यांच्या तळहातांवर जात्याच्या खुंट्यानं आलेले फोड होते.

त्यानंतर मी कधी जाम झालो नाही. आता गावात विजेचे खांब आलेत. माझ्या जागी मोटार बसवायची बोलणी माझ्यासमोरच चालतात. बसवा, माझी तक्रार नाही. फक्त मला मोडीत काढाल तेव्हा एकदा उघडून पाहा. त्या शनिवारचा ओरखडा आत सापडला नाही, तर तेवढं हलीमाबींच्या कानावर घाला.