चौथा रकाना

ऋतिकाने लिहिलेली ती ओळ गौरेशने मंगळवारी पुन्हा उघडली आणि तिच्यात चूक हुडकत बसला.

म्हापशाच्या त्या छोट्या कंपनीत बाळांच्या लसीकरणाचा प्रोग्राम वर्षभर तोच लिहीत होता. एका बाळाची नोंद दोनदा पडू नये म्हणून त्याने पानभर तपासण्या घातल्या होत्या, तरी दुहेरी नोंदी शिरतच. महिन्यापूर्वी लागलेल्या ऋतिकाने डेटाबेसच्या आराखड्यात एकच नियम घातला: नाव, वडिलांचं नाव आणि गाव हे तिन्ही रकाने मिळून पुन्हा येता कामा नयेत. डेटाबेस स्वतःच दुसरी नोंद अडवू लागला.

"पळय गौरेश," कंपनी चालवणारे नारायणसर सगळ्यांसमोर पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले होते, "तुझं पानभर, हिची एक ओळ."

तेव्हापासून तिचं नुसतं हसणंही त्याला टोचायचं.

आणि आता चूक सापडली. नियमात जन्मतारीख नव्हती. एकाच घरात तेच नाव पुन्हा ठेवलं तर? त्याने लॅपटॉप मिटला. पडू दे एकदा तोंडघशी.

शुक्रवारी पेडण्याकडच्या एका आरोग्य केंद्रात, जुन्या वह्यांतल्या नोंदी आधी भरून, प्रोग्राम सुरू झाला. वत्सला नर्स नावं घालत होती, मागे गौरेश आणि ऋतिका उभे. पद्मावती नावाची बाई बाळाला घेऊन आली आणि पडद्यावर लाल पट्टी उमटली.

"गे, प्रज्योत दत्ताराम आधीच आसा हांगा," वत्सला जुन्या नोंदीवर बोट ठेवत म्हणाली.

"तो व्हडलो," बाळाला सावरत पद्मावती म्हणाली. "दोन वर्सां जाली, गेलो तो. नाव तेंच दवरलां."

पडद्यावरचं नाव तिच्या वारलेल्या थोरल्या मुलाचं होतं; तेच या बाळाला ठेवलं होतं. वत्सलाने पडदा हळूच दुसरीकडे वळवला. ऋतिकाचा चेहरा उतरला.

गौरेशने लॅपटॉप पुढे ओढला, नियमात जन्मतारीख घातली, बदल डेटाबेसला लागू केला. चार मिनिटांत नोंद झाली. सुई टोचताच बाळाने टाहो फोडला. "प्रज्योता, ना रे, ना," म्हणत आई त्याला थोपटत राहिली.

फोनवर सर खूश होते. "शेवटी अनुभव तो अनुभव!" आवाज ऋतिकालाही ऐकू गेला.

"मला सुचलंच नाही," ती म्हणाली. "तुला इतक्या लवकर कसं कळलं रे?"

गौरेश चार्जरची वायर गुंडाळत राहिला.

"लवकर नाही. मंगळवारीच कळलं होतं."

ती बाहेर गेली.

म्हापशाची बस जवळजवळ रिकामी होती. ऋतिका खिडकीशी बसली. गौरेश जवळ येताच तिने मांडीवरची बॅग उचलून शेजारच्या जागेवर ठेवली.