अरुणाच्या चार ओळी

मी मरीन परेड नावाच्या वस्तीतल्या एका फ्लॅटमधला जुना रेडिओ बोलतोय. आयुष्यभर दुसऱ्यांचंच बोललो. आता दमलोय, तर थोडं स्वतःचं सांगतो.

सतरा वर्षांपूर्वी पद्माकर आणि अरुणा पुण्याहून इथे, परक्या देशात आले, आणि महिन्याभरात मला घेऊन आले. पद्माकर बँकेत. सकाळच्या बातम्या ऐकून तो गेला की दिवसभर अरुणा आणि मी. माझ्यावर पाश्चात्त्य गाणी लागली की पोळ्या लाटता लाटता ती सूर धरायची. पुढे ती हौशी गायकांच्या एका मंडळात जाऊ लागली. लेक ऋता मोठी झाली, घरात फोन झाले, आणि माझ्या डोक्यावर झाडांना पाणी घालायची झारी आली.

गेल्या वर्षी मंडळानं एक जुना ऑपेरेटा केला. गाण्यांतून उलगडणारं गमतीचं नाटक; पण या प्रयोगात पडदे नाहीत, पोशाख नाहीत, नुसतं उभं राहून गायचं. म्हाताऱ्या मोलकरणीच्या चार ओळी अरुणाला एकटीनं गायच्या होत्या. पद्माकरची मीटिंग निघाली. "पुढच्या वेळी नक्की," तो म्हणाला.

दोन महिन्यांनी तिच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण आवाज गेला. उरली घोगरी कुजबुज.

मागच्या रविवारी दुपारी त्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण रेडिओवर लागणार होतं.

"फोनवर ऐका ना बाबा. हा फेकून द्या, लाह!" इथल्या लोकांसारखा शेवटी 'लाह' जोडत ऋता म्हणाली.

"तुझी आई याच्याबरोबर गायची. याच्यावरच ऐकणार."

अरुणा स्वयंपाकघरात निघून गेली. "मला नाही ऐकायचं."

माझी एरियल मोडकी, नुसती खरखर. पद्माकर ती हातात धरून खिडकीशी तासभर उभा राहिला. मोलकरणीच्या ओळी आल्या, तेव्हा होतं नव्हतं ते बळ मी एकवटलं. आवाज स्वच्छ आला. अरुणा दारात येऊन उभी होती.

"ही तू?"

"हो. तिसरी ओळ जरा उतरली."

"मी यायला हवं होतं."

"हो, यायला हवं होतंस," ती कुजबुजली. मग जवळ येऊन म्हणाली, "हात भरून आला असेल. दे इकडे."

शेवटपर्यंत एरियल तिनं धरली.

त्या दिवसापासून माझा स्पीकर फाटल्यासारखा वाजतो. मला दुरुस्त करणारं इथे कुणी उरलेलं नाही. टाकलंत तरी राग नाही. एवढंच सांगतो, घरातलं माणूस गात असेल तर वेळेवर जा. माझ्याकडून ऐकलंत, तर आवाज तेवढा येतो. गाणाऱ्याला तुमची दाद पोचत नाही.